सीआरपी चढला म्हणजे केमो फसली का?

तीव्र ल्युकेमिया आणि शरीरातला दाह यांच्या नात्याबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि रक्तविकार व बालकर्करोग विभागांत काम करणाऱ्या तज्ज्ञांची उत्तरं. एएमएल आणि एएलएल हे तीव्र ल्युकेमियाचे, म्हणजे वेगाने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे, दोन मुख्य प्रकार; एपीएल हा एएमएलचाच एक उपप्रकार. डॉक्टर ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात त्याला इथे 'दाह' म्हटलं आहे. बोलताना आपण 'सूज' म्हणतो, पण रक्तात दाह असला की कुठे सूज दिसेलच असं नाही. डोसचे आकडे समजून घेण्यासाठी दिले आहेत. तुमच्या फाइलमधला आकडा वेगळा असेल तर कारण डॉक्टरांना विचारा, गोळी स्वतः कमी-जास्त करू नका.

प्रश्न : माझ्या वडिलांना, वय ६२, एएमएल आहे. 'सात अधिक तीन' केमो सुरू करताना सीआरपी ४० होता, दहाव्या दिवशी १८० झाला. केमो लागू पडत नाही असं समजायचं का?

उत्तर : नाही. सीआरपी हे दाह वाढला की रक्तात चढणारं प्रथिन, ते ल्युकेमिया मोजत नाही. हे प्रथिन यकृत बनवतं, आणि ते बनवण्याचा निरोप यकृताला मुख्यतः आयएल-६ नावाचा रेणू देतो. तो आयएल-६ ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या अपक्व पेशींमुळे आला, जिवाणूंमुळे आला की सोललेल्या आतड्यामुळे, हे सीआरपीच्या आकड्यावरून कळत नाही.

दहावा दिवस कुठे पडतो ते पाहा. सायटाराबिन सात दिवस सलग ड्रिपमधून जातं, आणि पहिले तीन दिवस सोबत डाउनोरुबिसिन किंवा आयडारुबिसिन. ही औषधं भराभर विभागणाऱ्या पेशी मारतात. त्यात ब्लास्ट येतात, तसंच तोंडापासून गुदद्वारापर्यंतचं आतलं अस्तरही येतं. दुसऱ्या आठवड्यात हे अस्तर सोललेलं असतं आणि न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जवळजवळ शून्यावर असतात. आतड्यात एरवी निमूट राहणारे जिवाणू याच दिवसांत रक्तात शिरतात. ते शिरले नाहीत तरी नुसत्या म्युकोसायटिसनेही, म्हणजे अस्तर सोलण्यानेही, सीआरपी बराच वर जातो. म्हणजे दहाव्या दिवसाचा १८० हा आकडा जंतुसंसर्ग आणि अस्तर यांच्याबद्दल बोलतो आहे.

केमोचा हिशोब बोन मॅरोत, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त बनवणाऱ्या मगजात, होतो. काही ठिकाणी १४ ते २१ दिवसांच्या दरम्यान एक लवकरची तपासणी करतात. खरा निकाल मात्र रक्तपेशींचे काउंट परत वर आल्यावर, साधारण चार आठवड्यांनी. मॅरोत ब्लास्ट ५ टक्क्यांहून कमी, न्यूट्रोफिल १,००० आणि प्लेटलेट १ लाख किंवा वर, असं असेल तर पूर्ण रेमिशन, म्हणजे या तपासण्यांत रोग दिसेनासा झाला, असं म्हणतात.

सीआरपी वाचताना एकटा आकडा कधीच धरू नका. दाह सुरू झाल्यावर तो सहा-आठ तासांत चढू लागतो, दीड-दोन दिवसांत शिखर गाठतो, आणि कारण संपलं की साधारण १९ तासांत निम्मा होतो. म्हणून योग्य अँटिबायोटिक सुरू होऊन ४८ ते ७२ तास झाले तरी आकडा चढताच असेल, तर डॉक्टर तीन शक्यता तपासतात: औषधाला न जुमानणारा जंतू, बुरशी, किंवा पोटात अथवा सेंट्रल लाइनमध्ये (औषधं देण्यासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) दडलेला अड्डा.

आणि एक साधी गोष्ट, जी वारंवार घोळ घालते. काही लॅब सीआरपी लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, काही डेसिलिटरमागे. दोन्हींत दहापट फरक असतो. काल १८० आणि आज १६ असे दोन वेगळ्या लॅबचे रिपोर्ट हातात असतील, तर पेढे वाटण्याआधी एकक पाहा.

प्रश्न : पण ल्युकेमिया स्वतःच शरीरात दाह निर्माण करतो असं वाचलं. मग या दाहामुळे औषधांचा परिणाम कमी होतो का?

उत्तर : होतो. पण कोणता दाह आणि कोणतं औषध, हे सांगितल्याशिवाय त्या 'हो'ला फारसा अर्थ नाही.

बोन मॅरो म्हणजे पेशींची वस्ती. तिथे मूळ पेशी, त्यांना आधार देणाऱ्या पेशी, रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि रोगप्रतिकारक पेशी दाटीवाटीने राहतात. एएमएलमध्ये ब्लास्ट पेशी आयएल-१ बीटा, टीएनएफ, आयएल-६, आयएल-८ असे दाहक रेणू स्वतः सोडतात, वर शेजाऱ्यांनाही सोडायला लावतात. या वातावरणात निरोगी मूळ पेशी दबतात, पण ल्युकेमियाच्या पेशी तगतात. आयएल-१ तर त्यांची वाढ चक्क वाढवतो. एकच रेणू एकाला विष आणि दुसऱ्याला खत. शिवाय या रेणूंमुळे पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचा स्विच चालू राहतो, आणि तो पेशीला मरण टाळणारी प्रथिनं बनवायला लावतो. केमो शेवटी पेशीला आत्मनाशाकडेच ढकलत असते. तो रस्ता आतून अडवलेला असेल तर तोच डोस अपुरा पडतो.

दुसरी अडचण ब्लास्टच्या जातकुळीची. मोनोसाइट या पांढऱ्या पेशीसारख्या दिसणाऱ्या, परिपक्वतेकडे झुकलेल्या ब्लास्ट पेशींमध्ये दाहाशी निगडित जनुकं जास्त चालू असतात. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध पेशीला जगवणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनाला अडवतं, पण या पेशी जगण्यासाठी एमसीएल-१ या त्याच्या भावंडावर जास्त विसंबतात. त्यामुळे ॲझासिटिडिन आणि व्हेनेटोक्लॅक्सची जोडी मोनोसाइटिक एएमएलमध्ये तुलनेने कमी पडते. तिथे बाहेरचा दाह कमी करून काही साधणार नाही, कारण अडचण पेशीच्या घडणीतच आहे.

तिसरी बाजू सगळ्यात रंजक. काही रुग्णांच्या मॅरोत टी-पेशी (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) भरपूर असतात आणि इंटरफेरॉन गॅमा या दाहक रेणूच्या खुणा ठळक दिसतात, काहींच्या मॅरोत जवळपास सामसूम. वरवर पाहता पहिला गट सुदैवी वाटेल. प्रत्यक्षात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या 'गजबजलेल्या' गटाला नेहमीची केमो कमी लागू पडलेली दिसली. सततच्या इंटरफेरॉनमुळे ब्लास्ट पेशी पीडी-एल१ सारख्या ढाली उभारतात आणि टी-पेशी थकून जातात: हजर असतात, पण कामाच्या उरत नाहीत. त्याच अभ्यासात या गटाने फ्लोटेटुझुमॅब या औषधाला अधिक चांगला प्रतिसाद दिला. हे प्रतिपिंड एका हाताने टी-पेशीला आणि दुसऱ्या हाताने ब्लास्टवरच्या सीडी-१२३ या खुणेला धरतं. ते पुढे बाजारात आलं नाही, पण मुद्दा उरला: एका उपचाराच्या आड येणारा दाह दुसऱ्या उपचाराच्या पथ्यावर पडू शकतो. म्हणूनच 'दाह म्हणजे शत्रू' हे सरसकट वाक्य आम्हाला पटत नाही.

अशा अभ्यासांत दाह मोजतात तो मॅरोतल्या शेकडो जनुकांच्या हालचालीवरून. रक्तातला सीआरपी त्याची जागा घेऊ शकत नाही. आज उपचार ठरतात ते गुणसूत्रं, एनपीएम-१, एफएलटी-३, टीपी-५३ यांसारखी जनुकं आणि एमआरडी, म्हणजे औषधांनंतर उरलेल्या सूक्ष्म रोगाची मोजणी, यांवर.

प्रश्न : मग दाह कमी करणाऱ्या गोळ्या सोबत का देत नाहीत? आईला एएमएल आहे. अंग दुखतं तेव्हा आयबुप्रोफेन देऊ का? कोणी रोगप्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या कॅप्सूलही सुचवल्या आहेत.

उत्तर : आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन देऊ नका. ही औषधं प्लेटलेटचं काम बंद पाडतात. आईच्या प्लेटलेट आधीच २०-३० हजार असतील, तर आहेत त्याही निकामी होतील. त्यात ॲम्फोटेरिसिन, व्हँकोमायसिनसारख्या औषधांनी आधीच ताणलेल्या मूत्रपिंडावर आणखी एक ओझं.

पॅरासिटामॉल चालतं, पण ताप मोजल्यानंतर आणि डॉक्टरांना कळवल्यानंतर. अंगदुखीसाठी दर सहा तासांनी दिलेली पॅरासिटामॉल तापाची पहिली खूण पुसून टाकते, आणि न्यूट्रोफिल नसताना बहुतेक वेळा तीच एकमेव खूण असते. पू तयार व्हायलाही न्यूट्रोफिल लागतात. त्यामुळे लाइनजवळ पू नाही, छातीच्या एक्स-रेत काही नाही, पण ताप आहे, असंच चित्र दिसतं.

एएमएलमध्ये स्टेरॉइड सरसकट देत नाहीत. ती दाह दाबतात, पण बुरशीला रान मोकळं करतात. अपवाद आहेत. पांढऱ्या पेशी प्रचंड वाढून फुप्फुसात अडकल्या असतील तर काही केंद्रं सुरुवातीचे मोजके दिवस डेक्सामेथासोन देतात. दुसरा अपवाद डिफरन्सिएशन सिंड्रोमचा, त्याबद्दल पुढे. आयएल-१ किंवा आयएल-६ अडवणारी औषधं केमोसोबत देऊन ल्युकेमिया जास्त बरा होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. या क्षेत्रात प्रयोगशाळेतली आशा रुग्णापर्यंत पोहोचता पोहोचता विरते, हे नवीन नाही. भक्षक पेशींना ब्लास्ट 'खायला' लावणाऱ्या मॅग्रोलिमॅबकडून मोठ्या अपेक्षा होत्या, पण २०२४ मध्ये एएमएलमधल्या त्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्या थांबवाव्या लागल्या.

कॅप्सूलबद्दल एवढंच: व्हेनेटोक्लॅक्स, मिडोस्टॉरिन, गिल्टेरिटिनिब ही औषधं यकृतातल्या सीवायपी-३ए-४ या एन्झाइमकडून निकाली निघतात. वनस्पतींचे तीव्र अर्क या एन्झाइमला कधी अडवतात, कधी चेतवतात. सेंट जॉन्स वर्टने औषधाची पातळी घसरते, ग्रेपफ्रूटच्या रसाने चढते. ज्या डबीवर घटकांचं प्रमाण नीट लिहिलेलं नाही, ती औषधाला कुठे नेईल हे कोणालाच सांगता येणार नाही.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाला एएलएल आहे. सात दिवस प्रेडनिसोलोन दिल्यावर 'पुअर रिस्पॉन्डर' असं लिहिलं गेलं. आमच्याकडून डोस देण्यात काही चुकलं का? याचा दाहाशी संबंध असतो का?

उत्तर : बीएफएम या मुलांच्या एएलएलसाठी रूढ असलेल्या पद्धतीच्या उपचारात पहिले सात दिवस शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे रोज ६० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोलोन आणि पाठीच्या मणक्यातून मेथोट्रेक्सेटचा एक डोस देतात. आठव्या दिवशी रक्तातल्या ब्लास्ट मोजतात. मायक्रोलिटरमागे १,००० पेक्षा कमी असतील तर प्रतिसाद चांगला, १,००० किंवा जास्त असतील तर कमी. डोस व्यवस्थित जाऊनही काही मुलांत असं होतं.

एएलएलमध्ये स्टेरॉइड हेच मारक औषध आहे. ते पेशीतल्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला चिकटतं आणि पेशीला मरणाकडे ढकलतं. २०१५ मध्ये याबाबत एक नेमकी गोष्ट कळली. दाहाची यंत्रणा पेटवणारं एनएलआरपी-३ आणि त्यासोबतचं कॅस्पेस-१ हे एन्झाइम काही ल्युकेमिया पेशींमध्ये जास्त प्रमाणात असतं, आणि हे कॅस्पेस-१ स्टेरॉइडचा रिसेप्टरच कापून टाकतं. किल्ली बरोबर आहे, पण कुलूपच तोडलेलं. ही दाहयंत्रणा ब्लास्ट पेशीच्या आतली आहे. मुलाला सर्दी झाली म्हणून किंवा एक गोळी उशिरा गेली म्हणून असं होत नाही.

या शेऱ्याने हातपाय गाळू नका. महिनाअखेरीची एमआरडी आता त्यापेक्षा जास्त वजनदार मानली जाते. ती ०.०१ टक्क्याच्या खाली असेल तर चित्र पुष्कळ बदलतं. कमी प्रतिसादाच्या मुलांना बहुतेक प्रोटोकॉल वरच्या जोखमीच्या गटात टाकून उपचार तीव्र करतात. मॅरो तपासणीच्या दिवशी नमुना घेताना पहिला ओढा, म्हणजे सिरिंजने सर्वांत आधी ओढलेला मॅरो, एमआरडीसाठी ठेवला आहे ना, हे विचारायला हरकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ओढ्यात रक्त मिसळतं आणि रोग खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

या महिन्यात एक धोका लक्षात ठेवा. स्टेरॉइडवर असलेल्या मुलाला गंभीर संसर्गातही ताप येईलच असं नाही, आतडं फाटलं तरी पोट कडक लागेलच असं नाही. मूल मलूल पडलं, हातपाय गार पडले, नाडी जोरात धावते आहे, पोट दुखतं म्हणतं, तर थर्मामीटर ३७ दाखवत असला तरी रुग्णालय गाठा.

प्रश्न : याच मुलासाठी ॲस्परॅजिनेजबद्दल विचारायचं होतं. दुसऱ्या डोसला अंगावर पित्त उठलं. पुढच्या वेळी आधी ॲलर्जीचं इंजेक्शन देऊन तेच औषध देणार आहेत. ठीक आहे का?

उत्तर : इथे प्रतिकारशक्ती थेट औषधावरच हल्ला करते, म्हणून हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. एएलएलच्या पेशींना ॲस्परॅजिन पुरेसं बनवता येत नाही, त्या रक्तातून उचलतात. ॲस्परॅजिनेज तो पुरवठा तोडतं. पण हे जिवाणूचं प्रथिन आहे. पहिल्या डोसनंतर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू शकतं आणि मधे खंड पडून औषध पुन्हा दिलं की उसळी येते.

ॲलर्जीचं औषध आणि स्टेरॉइड पित्त दाबतील, प्रतिपिंडांना थांबवणार नाहीत. अंगावर काही न उठता औषध रक्तात निकामी होऊ शकतं. याला मूक निष्क्रियता म्हणतात. म्हणून 'आधी इंजेक्शन देऊन तेच' करायचं असेल तर ॲस्परॅजिनेजची रक्तातली क्रिया मोजायलाच हवी. पेगयुक्त प्रकार (पेग नावाचा रेणू जोडून शरीरात जास्त टिकेल असा केलेला) अनेक प्रोटोकॉलमध्ये चौरस मीटरमागे २,५०० युनिट देतात, काहींत त्याहून कमी. त्यानंतर सातव्या आणि चौदाव्या दिवशी मिलिलिटरमागे किमान ०.१ युनिट क्रिया दिसली पाहिजे. नसेल तर औषध गेलं, पण पोचलं नाही. मग अर्विनिया या वेगळ्या जिवाणूपासून बनवलेला प्रकार वापरतात. तो लवकर उतरतो, म्हणून एका पेगयुक्त डोसच्या जागी दोन आठवड्यांत सहा डोस द्यावे लागतात. हे डोस गाळणं महागात पडतं. जास्त जोखमीच्या मुलांत तर त्याचा परिणाम रोगमुक्तीवर होतो.

धाप लागणं, रक्तदाब पडणं, ओठ-जीभ सुजणं असं झालं असेल तर तोच प्रकार पुन्हा देण्याचा विचारच नको. फक्त उलटी-मळमळ झाली असेल तर ती अमोनिया वाढल्याने असू शकते, ॲलर्जी नव्हे. क्रिया मोजल्यावर हा गोंधळ सुटतो.

प्रश्न : घरी असताना ताप आला तर नेमकं काय करायचं?

उत्तर : तोंडात किंवा काखेत थर्मामीटर लावा, गुदद्वारात नको. एकदा ३८.३ अंश सेल्सियस, म्हणजे साधारण १०१ फॅरनहाइट, किंवा ३८ अंश तासभर टिकून असेल आणि न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील वा लवकरच जाणार असतील, तर ही तातडीची वेळ आहे. काखेतला आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो, म्हणून तिथे ३८ च्या जवळ गेला तरी फोन करा. सकाळपर्यंत वाट पाहू नका. हुडहुडी भरली असेल तर आकडा न पाहताच निघा.

रुग्णालयात पोहोचल्यापासून ६० मिनिटांत पहिलं अँटिबायोटिक शिरेतून जायला हवं. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, सेफेपिम किंवा मेरोपेनेम, जे तिथल्या जंतूंना चालतं ते. रक्ताचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, त्याआधी, सेंट्रल लाइनच्या प्रत्येक मार्गातून आणि शक्यतो हाताच्या शिरेतूनही. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त लागतं. कमी रक्तात जंतू सापडण्याची शक्यता घटते. पण कल्चरच्या बाटल्या मिळत नाहीत म्हणून अँटिबायोटिक अडवून ठेवणं चूक आहे.

जाताना एक कागद सोबत हवा: शेवटच्या केमोची तारीख, शेवटचे काउंट, लाइन कोणती आणि कधी बसवली, कोणत्या औषधाची ॲलर्जी, आधीच्या कल्चरमध्ये कोणता जंतू निघाला होता. शेवटची नोंद लोक हमखास विसरतात, आणि पहिलं अँटिबायोटिक निवडताना तीच सगळ्यात उपयोगी पडते. एनिमा, गुदद्वारातून औषध, स्नायूत इंजेक्शन, हे सगळं टाळा.

प्रश्न : बुरशीचं औषध सुरू करताना व्हेनेटोक्लॅक्स ४०० वरून ७० मिलिग्रॅम केलं. एवढ्या कमी डोसने रोग आटोक्यात राहील का?

उत्तर : डोस कमी दिसतो, परिणाम नव्हे. पोसाकोनॅझोल हे बुरशीचं औषध सीवायपी-३ए-४ ला घट्ट अडवतं, त्यामुळे व्हेनेटोक्लॅक्स रक्तातून बाहेर पडत नाही. ७० मिलिग्रॅमने साधारण तेवढीच पातळी मिळते. ४०० तसाच ठेवला तर काउंट आठवडेच्या आठवडे वर येत नाहीत. उलटी चूक जास्त घडते: पोसाकोनॅझोल थांबतं आणि ७० तसाच चालू राहतो. अडवणारं औषध थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी व्हेनेटोक्लॅक्स पूर्वीच्या डोसवर न्यायचं असतं. घरच्यांनी ती तारीख लिहून ठेवावी.

यातही दाहाचा हात आहे. आयएल-६ यकृतातली ही एन्झाइम्स मंदावतो. व्होरिकोनॅझोल या बुरशीच्या दुसऱ्या औषधावर असलेल्या रुग्णाचा सीआरपी चढला की तोच डोस असूनही रक्तातली पातळी वाढते, आणि भास होणं, डोळ्यांपुढे रंग दिसणं, यकृताचे आकडे बिघडणं सुरू होतं. दाह ओसरला की पातळी घसरते आणि बुरशीला वाव मिळतो. म्हणून पुढच्या डोसच्या आधीची पातळी लिटरमागे साधारण १ ते ५.५ मिलिग्रॅममध्ये आहे का, हे एकदाच नव्हे तर संसर्गाचा जोर बदलेल तसं पुन्हा तपासावं लागतं.

प्रश्न : बहिणीला एएलएल परत उलटला आहे. ब्लिनाटुमोमॅब देणार आहेत, नंतर कदाचित कार-टी. यात ताप येणारच, असं सांगितलं. तो ताप औषधाने दाबला तर उपचार वाया जाईल का?

उत्तर : या उपचारात दाह हा उपचाराचाच भाग असतो. ब्लिनाटुमोमॅब टी-पेशीला सीडी-१९ असलेल्या ब्लास्टशी जोडून देतं. टी-पेशी पेटतात आणि सायटोकाइन, म्हणजे दाहक रेणू, सोडतात. ते अति झालं की सायटोकाइन रिलीज सिंड्रोम. किती पेटेल हे बऱ्याच अंशी मॅरोत ब्लास्ट किती आहेत यावर ठरतं. म्हणून ब्लास्ट फार असतील तर आधी डेक्सामेथासोन किंवा हलकी केमो देऊन ओझं कमी करतात. रोग उलटलेल्या, ४५ किलो किंवा जास्त वजनाच्या रुग्णात पहिले सात दिवस रोज ९ मायक्रोग्रॅम आणि मग २८, असं पायरीने जातात. हे औषध २८ दिवस सलग पंपाने देतात, कारण त्याचं आयुष्य सुमारे दोन तासांचं. पंप बंद केला की परिणामही झपाट्याने उतरतो, हीच त्याची सुरक्षितता. पिशवी बदलताना ती नळी कधीही फ्लश करायची नाही. नळीत साचलेलं औषध एकदम आत गेलं तर काही तासांचा डोस क्षणात जातो. नवीन परिचारिका असेल तर घरच्यांनी बेधडक आठवण करून द्यावी.

कार-टीमध्ये रुग्णाच्या टी-पेशी ब्लास्ट ओळखतील अशा बदलून परत देतात. तिथे पंप बंद करण्याची सोय नाही, पेशी शरीरात वाढत जातात. सायटोकाइन रिलीज सिंड्रोमचे चार दर्जे धरतात. नुसता ताप हा पहिला दर्जा. रक्तदाब पडला पण सलाईनने सावरला, किंवा थोडा ऑक्सिजन लागला, तर दुसरा. रक्तदाब टिकवायला औषध किंवा जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन लागला तर तिसरा. व्हेंटिलेटर किंवा रक्तदाबाची एकाहून जास्त औषधं लागली तर चौथा. टोसिलिझुमॅब आयएल-६ चा रिसेप्टर झाकतं. डोस किलोमागे ८ मिलिग्रॅम, ३० किलोखालच्या मुलांत १२, एका वेळी जास्तीत जास्त ८००. वेळेवर दिलेल्या टोसिलिझुमॅबमुळे ब्लास्ट मारण्याचं काम थांबत नाही, कारण ब्लास्ट मारायला टी-पेशींना आयएल-६ लागत नाही. ज्याला २०१२ मध्ये कार-टी दिलेलं पहिलं मूल म्हणतात, ते याच औषधाने वाचलं आणि ल्युकेमियामुक्तही झालं.

पण टोसिलिझुमॅबनंतर सीआरपीवर विसंबू नका. यकृताला निरोप पोहोचत नाही, म्हणून जिवाणूंचा संसर्ग पेटलेला असला तरी आकडा खाली दिसतो. रक्तातला आयएल-६ मात्र उलट वाढलेला दिसतो, कारण त्याला पकडणारे रिसेप्टर झाकलेले असतात. तो रिपोर्ट पाहून घाबरण्याचं कारण नाही.

मेंदूवरचा परिणाम वेगळा जातो. तिथे टोसिलिझुमॅबचा फारसा उपयोग होत नाही, डेक्सामेथासोन लागतं. रोज एकच वाक्य वहीत लिहून घ्या. अक्षर वाकडं होऊ लागणं, शंभरापासून दहा-दहाने उलटं मोजताना अडखळणं, ओळखीच्या वस्तूचं नाव न आठवणं, ही सुरुवात असते. आणि कार-टीच्या दिवशी कोणताही संसर्ग पेटलेला नको, मग ती तारीख पुढे गेली तरी चालेल.

प्रश्न : एपीएलसाठी एटीआरए आणि आर्सेनिक सुरू आहे. पाच दिवसांत वजन चार किलो वाढलं, थोडी धाप लागते. सलाईनमुळे असेल का?

उत्तर : असेलही. पण हा विचार करत बसू नका, आजच, आत्ताच कळवा. हा मघाशी उल्लेख केलेला डिफरन्सिएशन सिंड्रोम असू शकतो. ही औषधं ब्लास्ट मारण्याऐवजी त्यांना परिपक्व करतात. परिपक्व होताना त्या पेशी दाहक रेणू सोडतात, फुप्फुसात शिरतात आणि रक्तवाहिन्या गळू लागतात. ताप, धाप, वजनात वाढ, पायांवर सूज, छातीत पाणी, रक्तदाब पडणं, लघवी कमी होणं, यांतलं काहीही असू शकतं. पहिला आठवडा आणि नंतर तिसरा-चौथा आठवडा हे जास्त धोक्याचे. नुसत्या संशयावर डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम दर बारा तासांनी शिरेतून सुरू करतात. खात्री होईपर्यंत थांबत नाहीत. प्रकृती गंभीर नसेल तर एटीआरए चालूच ठेवतात. रोज सकाळी लघवीनंतर, त्याच काट्यावर वजन घ्या. आयव्होसिडेनिब, एनासिडेनिब आणि मेनिन अडवणाऱ्या नव्या गोळ्यांमध्येही हेच होऊ शकतं, तेही घरी असताना आणि कधी कधी बऱ्याच आठवड्यांनी.

प्रश्न : फेरिटिन ४,००० आलं. काळजी करावी का?

उत्तर : फेरिटिन हे शरीरात लोह साठवणारं प्रथिन. आतापर्यंत रक्ताच्या किती पिशव्या चढवल्या ते मोजा. प्रत्येकीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. त्यात दाहामुळेही फेरिटिन चढतं. म्हणून ल्युकेमियात एकट्या फेरिटिनवरून निष्कर्ष काढता येत नाही. दोन-तीन दिवसांत ते दहा-वीस हजारांवर उडालं, ताप हटत नाही, प्लीहा वाढली, ट्रायग्लिसराइड चढले आणि फायब्रिनोजेन घसरलं, तर हिमोफॅगोसायटोसिसचा, म्हणजे प्रतिकारशक्ती अनावर होऊन शरीराच्याच रक्तपेशी गिळू लागण्याचा, विचार करावा लागतो आणि त्यासाठी वेगळे उपचार आहेत. लोह उतरवणाऱ्या गोळ्यांचा विषय केमो संपून काउंट स्थिरावल्यावर काढा.